थीम पार्कची सहल आणि चालताना थकणारी आत्या: दिवस कसा आखावा?

पाऊलवाट

नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही एका मोठ्या थीम पार्कमध्ये दोन दिवस घालवणार आहोत. आम्ही म्हणजे मी, नवरा, अकरा आणि सात वर्षांची दोन मुले आणि माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या. आत्याच्या डाव्या खुब्याचा सांधा तीन वर्षांपूर्वी बदललेला आहे, उजवा गुडघा झिजलेला आहे आणि रक्तदाबासाठी ती ज्या गोळ्या घेते, त्यांत लघवी वाढवणारी एक गोळीही आहे. घरात ती काठीच्या आधाराने व्यवस्थित वावरते, कठड्याला धरून सात-आठ पायऱ्या चढते. परंतु बाहेर सपाट रस्त्यावरही दहा-पंधरा मिनिटे चालणे झाले की तिला टेकायला जागा लागते.

व्हीलचेअरचे नाव काढले की ती विषय बदलते. तिचे ठरलेले उत्तर असे, की "मी एखाद्या बाकावर बसते, तुम्ही सगळे फिरून या." मागे एका उद्यानात आम्ही नेमके तेच केले होते. दोन तासांनी परतलो तेव्हा तिच्या एका बाजूला आमच्या चार पिशव्या, दुसऱ्या बाजूला मुलांचे ओले कपडे आणि मांडीवर कॅमेरा असा सगळा पसारा होता. ती हसत होती, पण आपण हिला फिरायला आणले की सामान राखायला, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

या वेळी तिला काय पाहायचे आहे, हे मी आधीच विचारून घेतले. तिने तीनच गोष्टी सांगितल्या: उद्यानाला फेरी मारणारी छोटी आगगाडी, बोटीत बसून अंधाऱ्या देखाव्यांतून जाणारी राइड आणि रात्रीची रोषणाई. व्हीलचेअर कोणती घ्यावी, विजेवर चालणारी स्कूटर अधिक सोयीची होईल का, व्हीलचेअर असली की रांगेत थांबावे लागत नाही हे खरे का आणि राइडमध्ये चढण्या-उतरण्याचे नेमके काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवांत

वडिलांना घेऊन आम्ही अशा तीन सहली केल्या आहेत, त्यामुळे व्हीलचेअरपुरते खात्रीने सांगू शकतो. आत्या घरात चालतात म्हणून उद्यानातही निभावून नेतील, या हिशेबावर जाऊ नका. मोठ्या उद्यानात दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते आणि ते रस्त्यावरच्या सलग चालण्यासारखे नसते. दोन पावले पुढे, मग उभे राहणे, पुन्हा दोन पावले, असे ते चालते. झिजलेल्या गुडघ्याला चालण्यापेक्षा हे ताटकळणे अधिक जड जाते.

व्हीलचेअर दोन प्रकारच्या मिळतात. एकीची मागची चाके मोठी, साधारण दोन फूट व्यासाची असतात आणि बसलेली व्यक्ती हवे तेव्हा स्वतः चाक फिरवू शकते. दुसरीची चारही चाके लहान असतात, ती वजनाला हलकी असते व गाडीच्या डिकीत पटकन मावते, पण ती फक्त मागून ढकलता येते. प्रवासाच्या सोयीसाठी बहुतेक जण हलकी घेतात आणि पहिल्याच फरसबंद चौकात पस्तावतात, कारण लहान चाक प्रत्येक फटीत अडखळते आणि तो धक्का बसलेल्या माणसाच्या कमरेपर्यंत पोहोचतो. माझे मत विचाराल तर मोठ्या चाकांचीच घ्या. आणखी एक कारण आहे: दुकानात एखादी वस्तू जवळून पाहायची झाली तर आत्यांना स्वतः दोन फूट पुढे जाता येईल, त्यासाठी कुणाला हाक मारावी लागणार नाही. माझ्या वडिलांचा नकार नेमका तिथे विरघळला होता. त्यांना ढकलले जाण्याचे वाईट वाटत नव्हते. दुसरा नेईल तिकडेच बघावे लागण्याचे वाटत होते.

भाड्याची खुर्ची बऱ्याच उद्यानांच्या प्रवेशद्वाराशी मिळते, परंतु गर्दीच्या दिवशी ती लवकर संपते आणि वाहनतळापासून प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर तर तिच्याशिवायच काटावे लागते. हे अंतर नकाशावर कुणी मोजत नाही. शक्य असेल तर खुर्ची सोबतच न्या.

रांगेबद्दल मात्र गैरसमज फार आहेत. व्हीलचेअर म्हणजे थेट प्रवेश, असा सरसकट नियम कुठेही गृहीत धरू नये. काही उद्यानांत वेगळे दार असते, काही ठिकाणी रांगेच्या लांबीइतका वेळ धरून 'अमुक वाजता परत या' असे सांगतात, तर रुंद रांगा बांधलेल्या नव्या राइडमध्ये खुर्चीसह सगळ्यांबरोबरच जावे लागते. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांनी २०२४ मध्ये अपंगत्वाच्या सवलतीचे नियम बदलले आणि रांगेबाहेर थांबण्याची ती सोय मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांसाठी ठेवली; केवळ चालता येत नाही, एवढे कारण त्यासाठी तिथे पुरत नाही. त्यामुळे जुन्या आठवणींवर विसंबू नका, निघण्यापूर्वी त्या उद्यानाच्या संकेतस्थळावरचा अपंग अभ्यागतांसाठीचा भाग ओळन् ओळ वाचा. प्रत्येक राइडपुढे 'खुर्चीतच बसून राहता येते', 'खुर्चीतून राइडच्या आसनावर सरकावे लागते' किंवा 'चालत चढावे लागते' यांपैकी काय लिहिले आहे, ते टिपून घ्या.

सांधेजोड

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या उत्तरात चालण्याचा हिशेब आला आहे. मला दुसरा हिशेब मांडायचा आहे, कारण तो सहसा कुणी करत नाही. व्हीलचेअर घेतल्यावर चालणे जवळपास संपते, पण उठणे आणि बसणे संपत नाही. एका राइडसाठी खुर्चीतून उठणे, आसनावर बसणे, तिथून उठणे आणि पुन्हा खुर्चीत बसणे, अशी दोनदा उठबस होते. त्यात स्वच्छतागृह, जेवणाचे टेबल आणि गाडीतली चढउतार मिळवा. दिवसाअखेर वीसच्या वर आकडा जातो. झिजलेल्या गुडघ्यावर आणि बदललेल्या खुब्यावर खालच्या आसनावरून उठताना मोठा भार येतो, म्हणून आत्यांच्या दिवसाचे मोजमाप किलोमीटरमध्ये न करता अशा उठण्यांमध्ये करा आणि त्या उठण्या कुठे खर्च करायच्या, ते त्यांनाच ठरवू द्या.

बोटीची राइड त्यांना आवडणार हे खरे, पण बोट हीच यातली कठीण गोष्ट आहे. बोटीचे किंवा लहान गाडीचे आसन व्हीलचेअरच्या आसनापेक्षा बरेच खाली असते, मध्ये काठ ओलांडावा लागतो आणि खाली बसल्यावर गुडघे कमरेच्या वर येतात. खुब्याचा सांधा बदललेल्या व्यक्तीला अशा खोल आसनाबद्दल शस्त्रक्रियेनंतर सहसा बंधने घातलेली असतात. तीन वर्षांनंतर ती बहुधा शिथिल झालेली असतात, तरीही ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना 'मी इतक्या खाली बसू का' हा प्रश्न थेट विचारावा. काही राइडमध्ये व्हीलचेअरसकट चढवता येईल अशी खास बोट असते. डिस्नेलँडमधल्या बाहुल्यांच्या प्रसिद्ध बोटीच्या राइडला तशी सोय आहे. तुमच्या उद्यानात ती आहे का, एवढे दूरध्वनीवर विचारले तर अर्धी चिंता मिटेल.

घरी सराव करायचा असेल तर बसक्या मोटारीच्या पुढच्या आसनासारखी चांगली जागा नाही. व्हीलचेअर मोटारीच्या आसनाशी तिरकी लावावी, शक्यतो अशी की बळकट पाय आसनाच्या बाजूला येईल. दोन्ही ब्रेक लावावेत आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या वर उचलून बाजूला कराव्यात, कारण पट्टीवर भार देऊन उठले की सगळी खुर्ची पुढे कलंडते. आत्यांनी आधी आसनाच्या कडेपर्यंत सरकावे, पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत, नाक पायांच्या बोटांच्या रेषेत येईल इतके पुढे वाकावे आणि मग उठावे. मदत करणाऱ्याने दंड धरून ओढू नये. त्याने खांदा दुखावतो आणि तोलही जातो. कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, तो धरून आधार देणे अधिक सुरक्षित असते. हे तुम्हाला जमले पाहिजे, कारण पुष्कळ उद्यानांत कर्मचाऱ्यांना पाहुण्यांना उचलण्याची परवानगी नसते. सरकत्या पट्ट्यावरून चढण्याची राइड असेल तर पट्टा थांबवण्याची किंवा त्याचा वेग कमी करण्याची विनंती चढण्यापूर्वी करावी. ती नेहमीची विनंती आहे, तिच्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

उन्हाबद्दल थोडेसे. वय वाढले की तहान उशिरा लागते आणि लघवीच्या गोळीमुळे शरीरातले पाणी आणखी घटते. 'तहान लागली का' असे विचारत बसू नका, ठरावीक वेळाने पाणी पुढे करा. सहलीच्या दिवशी ती गोळी किती वाजता घ्यावी, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने ती बंद करू नका. बराच वेळ बसून उठताना रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, म्हणून आसनाच्या कडेपर्यंत सरकून मिनिटभर थांबायचे आणि मगच उभे राहायचे.

हाडे ठिसूळ असतील तर झटके देणाऱ्या, अचानक आदळणाऱ्या राइड पूर्णपणे टाळा, मग त्या दिसायला कितीही साध्या असोत; मणक्याचे हाड दबून मोडायला अशा वेळी फार मोठा आघात लागत नाही.

मागचा हात

वरच्या सगळ्या मजकुराशी सहमत आहे. मला एका गोष्टीची भर घालायची आहे, जी आम्ही अनुभवातून शिकलो. कोणत्याही राइडबद्दल विचारताना 'आत कसे जायचे' याच्याबरोबर 'राइड मध्येच बंद पडली तर बाहेर कसे यायचे' हेही विचारा.

आमची बोट एका गुहेसारख्या देखाव्यात थांबली. पहिली दहा मिनिटे गंमत वाटली. मग दिवे लागले, आणि अंधारात जे डोंगर वाटत होते ते रंगवलेले लाकूड निघाले. पाऊण तासाने कर्मचारी आले आणि पुढच्या बोटीतल्या लोकांना कडेच्या अरुंद फळीवरून लोखंडी जिन्याकडे नेऊ लागले. माझ्या सासऱ्यांना तो जिना उतरणे शक्य नव्हते. त्यांना सर्वांत शेवटी, पट्ट्यांनी बांधलेल्या खास खुर्चीतून खाली आणले. कर्मचारी त्यांच्याशी अतिशय अदबीने वागले, त्याबद्दल तक्रार नाही. पण चढताना 'जिना आहे' एवढे कुणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. खाली आल्यावर आमची व्हीलचेअर इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे चढलो होतो तिथेच उभी होती. सासरे वीस मिनिटे एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसले. काठी खुर्चीलाच अडकवलेली होती. तेव्हापासून काठी आमच्यासोबत राइडमध्ये येते, ती घडीची असली की पायाशी मावते.

ढकलणाऱ्यासाठीही काही गोष्टी सांगतो. खुर्चीच्या मागच्या मुठींना जड पिशव्या अडकवू नका. बसलेली व्यक्ती उठली की पुढचे वजन जाते आणि खुर्ची उताणी पडते. मिरवणुकीच्या रस्त्यावर ट्रामचे रूळ असतील तर ते काटकोनात ओलांडा, तिरके गेलात तर पुढचे लहान चाक खोबणीत अडकते. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवून, आपण खालच्या बाजूला राहून उतरा. अनेक देशांच्या नियमांत रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा असतो आणि तोही पूर्ण वजन घेऊन चढताना दम काढतो. उद्यानातले दिखाऊ पूल तर कधीकधी त्याहून उभे वाटतात, म्हणून ढकलण्याची पाळी दर अर्ध्या तासाने बदला.

मागे उभे राहून बोलूही नका. गर्दीत बसलेल्या माणसाला मागचे ऐकू येत नाही, त्याला दिसतात त्या इतरांच्या पाठी आणि खांद्यावरच्या पिशव्या. काही सांगायचे तर थांबा, पुढे या आणि वाकून बोला. तिकीट तपासणारे तुम्हाला विचारतील, "यांना बसता येईल का?" तेव्हा उत्तर तुम्ही देऊ नका. आत्यांकडे पाहा.

चौथे चाक

स्कूटरविषयी कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ज्यांना रोजची सवय आहे त्यांच्यासाठी ती उत्तम आहे, पण उद्यानाच्या गर्दीत आयुष्यात पहिल्यांदा ती चालवायला देऊ नये. तिला वळायला बरीच जागा लागते, पुढे मुले अचानक आडवी येतात आणि कित्येक राइडच्या रांगेत ती नेता येत नसल्याने तिथे पुन्हा साध्या खुर्चीत बसावे लागते, म्हणजे सांधेजोड यांच्या हिशेबात आणखी एक उठणे वाढते. मोतीबिंदू किंवा कमी ऐकू येण्याचा त्रास असेल तर विचारही करू नका.

बाकावर बसण्याच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. आत्या 'बसते' म्हणतात ते प्रत्येक वेळी संकोचापोटीच असेल असे नाही. माझी आई सावलीत बसून येणारे-जाणारे पाहण्यात खरोखर रमते आणि तिला सारखे 'चल, चल' म्हणणे हाही एक जाचच होता. बाक निवडू द्या, तो स्वच्छतागृहाजवळ आणि सावलीत असू द्या, कुणीतरी एकाने तिच्यासोबत थांबा आणि सामान लॉकरमध्ये ठेवा. लहान मुले असलेल्या पालकांसाठी काही उद्यानांत आळीपाळीने राइड घेण्याची सोय असते. एक जण थांबतो आणि नंतर पुन्हा रांग न लावता जातो. तुमची धाकटी व्यक्ती सात वर्षांची आहे, त्यामुळे उंचीची अट असलेल्या राइडसाठी ती सोय मिळण्याची शक्यता आहे, विचारून पाहा.

जाता जाता एक सांगतो. अमेरिकेतील सॅन अँटोनियो येथे मॉर्गन्स वंडरलँड नावाचे उद्यान २०१० मध्ये सुरू झाले, ते अपंग व्यक्तींना डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेले आहे. तिथल्या चक्रात आणि पाळण्यात व्हीलचेअरसकट जाता येते. म्हणजे 'अशी रचना करताच येत नाही' असे कुणी सांगितले तर ते मान्य करण्याचे कारण नाही.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. उठण्यांच्या हिशेबाने तर आमचा सगळा आराखडाच बदलला.

काल आमच्या मोटारीवर सराव केला. पहिल्या खेपेला मी सवयीने दंड धरला आणि आत्याने "हात सोड, मला जमतंय" असे सुनावले. दुसऱ्या खेपेला ती कडेपर्यंत सरकली, पुढे वाकली आणि खरेच स्वतः उठली. सहा वेळा जमले, सातव्या वेळी गुडघा कुरकुरला. म्हणून एका दिवसात राइडसाठी सहाच उठण्या धरल्या आहेत आणि त्यांतल्या दोन तिने दोन्ही दिवशी आगगाडीसाठी राखून ठेवल्या आहेत, कारण तिला ती फेरी रोज हवी आहे.

उद्यानात दूरध्वनी करून विचारले. आगगाडीच्या एका डब्याला रॅम्प आहे, खुर्चीसह चढता येते. म्हणजे त्या दोन उठण्या वाचल्या. बोटीला मात्र खास सोय नाही, काठ ओलांडून खाली बसावे लागते आणि बोट थांबलीच तर पंधरा पायऱ्या आहेत. खुब्याच्या डॉक्टरांनी बसायला हरकत नाही म्हटले, पण पायऱ्यांचे कळल्यावर आत्यानेच बोट रद्द केली. मी हळहळले, ती नाही.

एकच शंका उरली आहे. रोषणाई संपल्यावर सगळी गर्दी एकदम दाराकडे निघते, तेव्हा काय करावे?

सांधेजोड

सहाचा आकडा घरातला, विश्रांतीनंतरचा आहे. उन्हात आणि दिवसाच्या शेवटी तो चार धरा. रोषणाईच्या दिवशी दुपारी दोन-तीन तास मुक्कामी परत जाऊन आडवे होऊ द्या, तेवढ्याने पायांची सूजही उतरते. संपल्यावर घाई करू नका. गर्दी ओसरेपर्यंत अर्धा तास तिथेच बसून राहा किंवा शेवटची पाच मिनिटे सोडून आधीच निघा. मध्ये सापडू नका. आणि खुर्चीत असतानाही दर अर्ध्या तासाने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलून बसायला सांगा, सलग बसल्याने त्वचेवर दाब येतो.

पाऊलवाट

आधी निघू या, असे मी सुचवले तेव्हा आत्या म्हणाली, की शेवटचीच पाच मिनिटे तर पाहायची असतात. तेव्हा अर्धा तास बसून राहण्याचे ठरले आहे. मोठ्या चाकांची खुर्ची काल घरी आणली. ती तिच्यात बसली, स्वतः चाक फिरवत स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली आणि सहलीला खुर्ची न्यायला तिने एका अटीवर होकार दिला: मांडीवर कुणाचीही पिशवी ठेवायची नाही.